‘करायचं नसतं’ हे कोणी ठरवलं?

वाचकाचं पत्र : ताई, माझी लेक नववीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने ‘मासिक पाळी आणि टॅबू’ हा विषय घेतला. बाई म्हणाल्या, भाषण मराठीत आहे, तर शीर्षकातही मराठी शब्द हवा. तिच्या बाबांनी ‘निषिद्ध’ सुचवला, मोबाइलवर शोधलं तर तिथेही तोच. रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, “एवढं काय शोधताय? आम्ही त्याला विटाळ म्हणायचो.” लेकीने पटकन विचारलं, “म्हणजे आजी, महिन्यातले चार दिवस मी विटाळ?” सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. स्पर्धा दहा दिवसांवर आली आहे, महिन्याभराने गणपती आहेत. बरोबर शब्द कोणता? आणि सासूबाईंना स्पर्धेला न्यावं की नको?
— एक आई, नाशिक

उत्तर :

तुमच्या यजमानांनी कोशातला शब्द सांगितला आणि सासूबाईंनी त्या स्वतः जगल्या तो. लेकीने तोच शब्द उचलून स्वतःला लावून पाहिला, म्हणून तो सगळ्यांना टोचला. मी आधी शब्दाचं सांगते, मग घराचं. या दोन गोष्टी पुढे एकमेकींत येऊन मिळतात.

‘टॅबू’ मुळात इंग्रजांचाही शब्द नाही. कॅप्टन जेम्स कुक १७७७ साली पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवर होता. तिथले काही सरदार त्याच्याकडे जेवायला आले, पण कोणी बसेना आणि घासही घेईना. कारण विचारल्यावर ते म्हणाले, आम्ही ‘टॅबू’ आहोत. कुकने लिहून ठेवलं की या शब्दाचा आवाका फार मोठा आहे, पण साधारण अर्थ ‘मना केलेलं’ असा. त्याच्या लिखाणातून शब्द इंग्रजीत गेला, तिथून जगभर पसरला आणि आपल्याकडेही आला. टोंगातले लोक ‘तापु’ म्हणतात, न्यूझीलंडचे माओरीही ‘तापु’ म्हणतात, हवाई बेटांवर ‘कापु’.

त्या बेटांवर हा शब्द फक्त वाईट गोष्टींसाठी नव्हता. सरदाराचं डोकं तापु, आणि प्रेतही तापु. प्रेताला हात लावलेल्या माणसाला काही दिवस स्वतःच्या हाताने जेवता येत नसे, दुसऱ्याने त्याला भरवायचं. फार पवित्र आणि फार अपवित्र या दोन्हींना एकच शब्द, कारण दोन्हींबाबत नियम एकच : शिवायचं नाही.

परक्या समुद्रातली ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. माझ्या आजोळी आजी धाबळी नेसून देवघराकडे निघाली की आम्हा पोरांना दुरूनच सांगायची, “शिवू नका रे, सोवळ्यात आहे.” आणि मागच्या पडवीत वेगळी चटई टाकून बसलेली मामी म्हणायची, “शिवू नका रे, मी बाहेरची आहे.” दोघींच्या तोंडी शब्द तेच. आजीला कोणी शिवलं नाही की आजीचा मान राहायचा. मामीला कोणी शिवलं नाही की मामी घरात असून नसल्यासारखी व्हायची. मी सहा-सात वर्षांची असेन. मामीला काय झालंय असं विचारलं की उत्तर मिळायचं, “तिला कावळा शिवलाय.” मी कितीतरी दिवस अंगणातल्या कावळ्यांना घाबरत होते. मला शिवले तर मलाही पडवीत बसवतील, असं वाटायचं. पुढे ते खरंच झालं.

आता ‘निषिद्ध’. शब्द शुद्ध आहे, भारदस्त आहे, आणि तुमच्या लेकीच्या कामाला अर्धाच येतो. त्याची जोडी ‘विहित’ या शब्दाशी. शास्त्राने करायला सांगितलं ते विहित, करू नको म्हटलं ते निषिद्ध. म्हणजे या शब्दामागे सांगणारा कोणीतरी उभा असतो : ग्रंथ, धर्मपीठ, सरकार, संस्था. ‘प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी लागते आणि पाटी लावणाऱ्याला जाऊन विचारता येतं. पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावू नये, अशी पाटी कुठल्या स्वयंपाकघरात लागलेली तुम्ही पाहिली आहे? तरी प्रत्येक मुलीला ती वाचता येते. (याच शब्दाचं सख्खं भावंड ‘निषेध’. त्याचा अर्थ पूर्वी ‘मनाई’ असाच होता, ‘विधिनिषेध’ म्हणताना तो आजही तसाच लागतो. पण मोर्चातल्या ‘निषेध असो’मध्ये त्याने बाजू बदलली. आधी वरून खाली मना करण्यासाठी वापरला जाणारा शब्द आता खालून वर विरोध करायला वापरतात. मला या शब्दाचा हा प्रवास फार आवडतो.)

‘वर्ज्य’ मला त्याहून जवळचा वाटतो, कारण तो वस्तूला कायमचा डाग लावत नाही. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पण मालकंस घ्या, तिथे तोच मध्यम वादी स्वर, सगळ्या रागाचा आधार. स्वरात काही खोट नव्हती, त्या रागाची ती मर्यादा होती. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारं माणूसही कांद्याला अपवित्र ठरवून टाकत नाही, कार्तिकात पुन्हा चिरायला घेतंच. आणि महत्त्वाचं म्हणजे हे माणूस ते स्वतःपुरतं करतं. ‘मला वर्ज्य आहे’ हे वाक्य मराठीत सहज होतं. ‘मला निषिद्ध आहे’ म्हणताना अडखळायला होतं, आणि ‘मला विटाळ आहे’ म्हटलं की अर्थच वेगळा होतो.

विटाळाबद्दल मी सांभाळून बोलणार आहे, कारण या शब्दाने लोकांचं आयुष्य खाल्लं आहे. वर्ज्य आपण आपल्यावर घालून घेतो, विटाळ दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. बाईच्या अंगावर तो महिन्यातले चार दिवस टाकला, बाळंतपणात टाकला. काही जातींच्या अंगावर तो जन्मापासून मरणापर्यंत टाकला, सावलीसकट. चौदाव्या शतकात चोखोबांच्या घरातून, त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी याला दिलेलं उत्तर अजून कोणाला खोडता आलेलं नाही : ‘देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध, देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म’. ज्या देहातून सगळे जन्माला आले त्याच देहाचा विटाळ मानून सोवळा कोण झाला, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्यावर जातीचाही विटाळ होता आणि बाईपणाचाही, म्हणून त्यांना दोन्हींचं मूळ एकाच जागी दिसलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी ओंजळीत घेतलं, तर नंतर तिथल्या सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी गडचिरोलीत माडिया-गोंड वस्त्यांतल्या बाया पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या ‘कुर्मा घरा’त राहतात, आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये लेक देवघराच्या दारात थबकते.

म्हणून ‘टॅबू’चं भाषांतर म्हणून ‘विटाळ’ शीर्षकात घालू नका. ‘टॅबू’ हा बाहेरून पाहणाऱ्याचा, अभ्यास करणाऱ्याचा शब्द आहे. ‘विटाळ’ म्हणताच बोलणारा आत उभा राहतो आणि समोरच्याला बाहेर ढकलतो. पण भाषणातून तो गाळूही नका. ‘याला विटाळ म्हणत’ असं स्पष्ट सांगावं. शब्द दडवून ठेवला की त्याच्याखाली काय झालं तेही दडतं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मराठीत टॅबूला एकच नेमका प्रतिशब्द सापडत नाही, यात कमीपणा मानू नका. आपण ही गोष्ट नामाने सांगतच नाही, क्रियापदाच्या एका रूपाने सांगतो. तिन्हीसांजेला केर काढायचा नसतो. रात्री नखं कापायची नसतात. असं बोलायचं नसतं. त्या दिवसांत तुळशीला पाणी घालायचं नसतं. या ‘नसतं’मध्ये कोण आहे ते शोधा. ‘आईने सांगितलं, घालू नकोस’ या वाक्यात आई सापडते, तिच्याशी भांडता येतं. ‘घालायचं नसतं’मध्ये कोणीच सापडत नाही. सांगणारीलाही वाटतं की हे मी सांगत नाहीये, हे असंच असतं, ऊन-पावसासारखं. टॅबूचं सगळं बळ या बिननावाच्या वाक्यात आहे. लेकीला शीर्षक हवं असेल तर माझ्याकडून हे घ्या : ‘पाळीबद्दल बोलायचं नसतं?’ शेवटचं प्रश्नचिन्ह मात्र ठेवा.

आपल्या भाषेत न बोलण्याच्या वाटा इतक्या आहेत की तिच्या भाषणाचा मधला भाग त्यावरच उभा राहील. बांगडी फुटली म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. कुंकू संपलं म्हणायचं नाही, ‘वाढलं’. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’. दिवा विझवत नाहीत, मालवतात किंवा शांत करतात. रात्री सापाचं नाव न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात, देवीच्या रोगाला तर आपण देवीच म्हणत आलो. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यातूनच उखाण्याची हौस फुलली. पॅसिफिकमधल्याच ताहिती बेटावरही राजाचं नाव इतकं जपत की पोमारे या राजनावात ‘पो’ म्हणजे रात्र आहे म्हणून लोकांनी रात्रीसाठी शब्दच बदलून घेतला. हे वाचताना मला आमच्याकडच्या जुन्या बायका आठवल्या, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाशी जुळणारा साधा शब्दही न उच्चारणाऱ्या.

आणि पाळीसाठी? बाहेरची, दूर बसलेली, अडचण, कावळा शिवला, न्हाण आलं, पदर आला, शहाणी झाली. आताच्या मुली ‘डेट आली’, ‘प्रॉब्लेम आहे’ म्हणतात. मला या नव्या शब्दांचं जास्त वाईट वाटतं. ‘शहाणी झाली’मध्ये निदान मुलीचं काही वाढल्याचा भाव आहे. ‘प्रॉब्लेम’मध्ये काय आहे? शब्द इंग्रजी झाला म्हणजे विचार मोकळा झाला असं होत नाही. लेकीने आजीची यादी आणि स्वतःच्या मैत्रिणींची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवावी. सभागृह गप्प होऊन ऐकेल.

कोणी म्हणेल की असल्या विषयावर मराठीत शब्द नाहीत, म्हणून इंग्रजीचा आडोसा घ्यावा लागतो. हे खरं नाही. महाडचा सत्याग्रह झाला त्याच १९२७ साली र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते चाललं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, शरीर, सगळं त्यांनी सरळ मराठीत लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यातल्या एकात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. म्हणजे शब्द होते. ते बोलणाऱ्याला सोसावं लागत होतं, एवढंच.

‘टॅबू’ हा शब्द भाषणात अजिबात नको असं माझं म्हणणं नाही. टेबल आणि पेनसारखा तोही आता आपलाच आहे. फक्त वापरताना एक चूक टाळायला सांगा. ‘पाळी हा टॅबू आहे’ असं सर्रास म्हटलं जातं. पाळी ही शरीराची क्रिया आहे, ती टॅबू कशी असेल? टॅबू असतो तो पाळीबद्दल बोलण्यावर, पाळीतल्या बाईला शिवण्यावर, तिने देवापुढे जाण्यावर. या तीन वेगवेगळ्या मनाया आहेत आणि तिन्ही एकदम सुटत नाहीत. तुमच्याच घरात पाहा : बोलण्याची सुटली आहे, नाहीतर हा विषय जेवणाच्या टेबलावर आला नसता. शिवण्याची बहुधा कधीच सुटली. देवाची अजून सुटलेली नाही, म्हणून तर तुम्ही पत्रात गणपतीचा उल्लेख केलात. लेकीने हे नेमकेपणाने मांडलं तर ती कोणावर आरोप करतेय असं वाटणार नाही.

आता सासूबाई. त्या रागावून उठल्या असं तुम्ही धरून चालला आहात, मला तसं वाटत नाही. लेकीने विचारलेला प्रश्न त्यांनी तिच्याच वयात स्वतःला विचारला असेल. त्यांना तेव्हा उत्तर मिळालं नाही आणि आज नातीला देण्यासाठीही त्यांच्याकडे ते नव्हतं. त्या शब्दाखाली त्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली. तो शब्द त्यांचा नाही, त्यांच्यावर टाकलेला आहे. लेकीला माफी मागायला लावू नका, तिने काही चुकीचं विचारलेलं नाही. सासूबाईंकडूनही कबुली मागू नका. दुपारी त्या एकट्या असताना तुम्ही जा, भाजी निवडायला घ्या, आणि एवढंच विचारा : “आई, तुम्हाला हे पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं?” पुढचं त्या सांगतील. मध्येच ‘किती चुकीचं होतं ना ते’ असं म्हणू नका. ऐकून झालं की म्हणा, हे नातीला सांगाल का, तिच्या भाषणाला हवंय. पुस्तकातल्या दहा परिच्छेदांपेक्षा आजीची दहा वाक्यं त्या भाषणाला जास्त उपयोगाची आहेत, आणि ती वाक्यं सांगायला दोघींना समोरासमोर बसावंच लागेल.

गणपतीचा निर्णय तुम्ही आणि यजमान मिळून आधीच घ्या. आरतीच्या वेळी चौदा वर्षांच्या मुलीने उंबऱ्यावर उभं राहून ‘येऊ का’ विचारावं, अशी वेळ आणू नका. माझं मत विचाराल तर तिला यायचं असेल तर तिने यावं, नैवेद्याला हात लावावा, मोदकही वळावेत. सासूबाईंना ते जड जाईल. त्यांना सोवळं पाळायचं असेल तर त्यांनी स्वतःपुरतं जरूर पाळावं, त्यांच्या पूजेचं पाणी त्यांनी वेगळं भरावं, त्यात त्यांची थट्टा कोणी करू नये. ‘मला वर्ज्य आहे’ म्हणायचा त्यांचा हक्क पूर्ण आहे. नातीला ‘तुझा विटाळ’ म्हणायचा नाही. हे त्यांना यजमानांनी सांगावं, तुम्ही नव्हे. मुलाच्या तोंडून त्या ऐकतील आणि पाळीबद्दल बोलायची त्यालाही थोडी सवय होईल.

हवाईतली एक गोष्ट लेकीला जरूर सांगा. तिथल्या कापुप्रमाणे बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचं नसे. डुकराचं मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी त्यांना मना होती. १८१९ मध्ये राजा कामेहामेहा वारला. त्याची विधवा राणी काआहुमानू आणि नव्या तरुण राजाची आई केओपुओलानी या दोघींनी राजाचं मन वळवलं. एका मेजवानीत तो उठला, बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि सगळ्यांसमोर त्यांच्याबरोबर जेवला. शतकानुशतकं चाललेला कापु त्या जेवणाने मोडला. तुमच्याकडे एक आजी ताटावरून उठली आहे, म्हणून मला ही गोष्ट आठवली.

स्पर्धेला त्यांना न्याच. पण त्याआधी घरी लेकीने पूर्ण भाषण त्यांना वाचून दाखवावं, एकदा, न थांबता. स्वतःबद्दलचं जे वाक्य त्या काढायला सांगतील ते वाद न घालता काढावं. बाकी भाषण तसंच राहू द्यावं. ‘विटाळ’ हा शब्द कुठे आणि कसा उच्चारायचा, ते त्यांनाच विचारावं.